कळंब्याच्या आधी एक थांबा द्या

प्रति,
मा. आयुक्त साहेब, कोल्हापूर महापालिकेचे सगळे कारभारी आणि जिल्हा नियोजन समितीचे सदस्य,

नमस्कार. मी जवाहरनगरात राहते, लक्ष्मीपुरीत एका धान्याच्या दुकानात हिशेब लिहिते. पत्र लिहायची सवय नाही, मागंपुढं झालं तर समजून घ्या, पण बजेट बसायच्या आत हे तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून लिहितेय. मला बजेटमध्ये एक हेड, म्हणजे खर्चाचं वेगळं खातं, मागायचं आहे. नशेत अडकलेल्या आणि त्यापायी केस झालेल्या पोरांच्या उपचाराचा. एवढंच मागणं आहे, पण ते का मागतेय हे सांगायला जरा वेळ लागेल.

माझा धाकटा भाऊ शिरोली एमआयडीसीत सीएनसी मशीनवर होता. आयटीआय झालेला, हात चांगला, मालक स्वतः म्हणायचा की याच्याकडनं जॉब रिजेक्ट येत नाही. मग नाइट शिफ्ट लागली. सकाळी आठला घरी यायचा आणि वर पत्रा, गल्लीत पोरांची क्रिकेट, झोप कुठली लागतेय, तर बरोबरच्या कुणीतरी झोपेची गोळी दिली. नायट्रा म्हणतात त्याला. एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या पाच झाल्या, आणि मग रात्री मशीनवर डोळे मिटायला लागले म्हणून जागं राहायला दुसरं काहीतरी लागलं, ते दुसरं काहीतरी म्हणजे एमडी, मेफेड्रोन नावाची नशेची पावडर. आम्हाला वर्षभर पत्ता नाही. आई म्हणायची पोरगं वाळत चाललंय, डबा तसाच परत आणतंय, आणि मी म्हणायची कामाचा लोड असेल. माझ्या हातानं मी त्याला दर महिन्याला दोन-तीन हजार उसने देत होते ते कुठं जात होते हे मी आता हिशेबात धरते.

एका रात्री नाक्यावर गाडी अडवली आणि खिशात पुडी सापडली. वेफर्सच्या पाकिटाचा चंदेरी कागद असतो ना, त्यात गुंडाळलेली, नखाएवढी. वजन एक ग्रॅमपण भरलं नाही. मला नंतर कळलं की कायद्यात एमडीची २ ग्रॅमपर्यंतची मात्रा 'अल्प' धरतात आणि ५० ग्रॅमला व्यापारी मात्रा म्हणतात, म्हणजे माझा भाऊ कुठल्या टोकाला होता ते बघा. पकडला याचा मला राग नाही. खरं सांगते, रात्री फोन आला तेव्हा मला आधी सुटल्यासारखंच वाटलं, म्हटलं आता तरी थांबेल.

तो २६ दिवस कळंबा जेलात होता. जामीन त्याआधीच मंजूर झालेला, पण ऐपतीचा दाखला, सात-बारा असलेला जामीनदार, तो मिळेना, कारण नातेवाइकांना कळलं होतं केस कशाची आहे. मामा म्हणाला चोरी असती तर आलो असतो.

आणि तिसऱ्या दिवशी त्याला फिट आली. या गोळ्या रोज खाणाऱ्याच्या एकदम तोडल्या तर फिट येऊ शकते, त्या हळूहळू कमी करत न्याव्या लागतात, हे आम्हाला त्यावेळी माहीत नव्हतं, आणि आत घेताना त्याला कुणी विचारलं नाही की बाबा तू रोज काय खातोस आणि किती. दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं, परत आणलं. मी मुलाखतीला गेले तर तो बोलेना. मला वाटलं रागानं बोलत नाही. मग म्हणाला, "अक्का, जीभ चावलीय." शब्द नीट फुटत नव्हते, स ला थ म्हणत होता, लहानपणी म्हणायचा तसा. मी त्या दिवशी कळंब्याहून घरापर्यंत चालत आले, बस आली-गेली ते कळलंच नाही.

बाहेर आला तेव्हा सुधारून आला असेल असं आईला वाटलं. आत जाताना तो एका माणसाकडनं माल घेत होता, बाहेर आला तेव्हा चार जणांचे नंबर त्याला पाठ होते. आत ज्यांच्याबरोबर होता त्यांच्यात खून, दरोड्याचे पण होते. देशातल्या तुरुंगात चारातले तीन कैदी कच्चे आहेत, खटला चालूच आहे, गुन्हा सिद्ध झालेला नाही, आणि त्या गर्दीत माझ्या भावासारखी किती पोरं असतील ज्यांनी दुसऱ्या कुणाला ओरखडाही काढला नाही, स्वतःचं वाटोळं केलं तेवढाच त्यांचा गुन्हा.

आता मुद्द्याचं. आमच्या गल्लीतली एक मुलगी लॉ कॉलेजला आहे. तिनं एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं पुस्तक आणून माझ्यासमोर उघडलं, १९८५ चा कायदा. त्यात कलम २७ म्हणजे सेवन, शिक्षा पदार्थ बघून सहा महिने नाहीतर वर्षापर्यंत, किंवा दंड, किंवा दोन्ही. आणि मग तिनं कलम ६४ अ काढलं. त्यात लिहिलंय की ज्या व्यसनी माणसावर कलम २७ चा किंवा अल्प मात्रेचा गुन्हा आहे, तो जर स्वतःहून उपचार घ्यायला तयार झाला आणि त्यानं उपचार घेतले, तर त्याच्यावर त्या गुन्ह्याचा खटला चालणार नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते, म्हणजे मोकाट सोडायची भानगडच नाही. कलम ३९ पण आहे, त्यात दोषी ठरल्यावरसुद्धा कोर्ट शिक्षेऐवजी त्याच्या संमतीनं उपचाराला पाठवू शकतं आणि वर्षाच्या आत त्याचा अहवाल मागवतं. मी ते तीनदा वाचलं. इतकी वर्षं हा कायदा आहे आणि आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

पण माझं बोट थांबलं ते ६४ अ मधल्या एका शब्दावर. उपचार कुठं घ्यायचे, तर शासनानं किंवा स्थानिक प्राधिकरणानं चालवलेल्या किंवा मान्यता दिलेल्या हॉस्पिटलात वा संस्थेत. स्थानिक प्राधिकरण म्हणजे कोण साहेब? म्हणजे तुम्ही. महापालिका. जो तो मला सांगत होता की पोलीस राज्याचे, जेल राज्याचं, कोर्ट कोर्टाचं, महापालिकेचा यात काय संबंध, आणि इथं कायद्यातच तुमचं नाव लिहिलेलं आहे.

आम्ही शोधायला लागलो. एका ठिकाणी बेड नाही, एका ठिकाणी म्हणाले आम्ही दारूचंच बघतो, पावडरवाल्यांचं आम्हाला जमत नाही, एकानं सांगितलं कोर्टाची केस असली तर नकोच. शेवटी शेजारच्या जिल्ह्यात एका खासगी केंद्रात टाकला, महिन्याला बारा हजार, तीन महिने आगाऊ, आईच्या पाटल्या गेल्या त्यात. डॉक्टर आठवड्यातनं एकदा यायचा म्हणे, भावानं त्याला दोनदाच बघितला. सकाळी उठून प्रार्थना, मग स्वयंपाक, भांडी, संडास धुणं, आणि बोललं की मार. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जच्या व्यसनातनं होणारे आजारही येतात, अशा केंद्रांना नोंदणी लागते, पेशंटला मारायचा, डांबायचा कुणाला हक्क नाही, हेही मला नंतर समजलं. तो तिथनं आला आणि अकराव्या दिवशी परत पुडी.

मी हे लपवत नाही. तो दोनदा परत घसरला. तुमच्यापैकी कुणीतरी नक्की म्हणणार की मग उपचाराचा उपयोग काय, ही पोरं सुटत नसतात, यांच्यावर पब्लिकचा पैसा कशाला. मीपण म्हटलंय हे, भावाच्या तोंडावर म्हटलंय. पण शुगरवाल्यानं लग्नात जिलेबी खाल्ली म्हणून डॉक्टर त्याचं इन्सुलिन बंद करत नाही. घसरणं हे या आजारातच आहे, आणि उपचार म्हणजे पंधरा दिवस ॲडमिट होऊन विष उतरवणं एवढंच नसतं, ती फक्त सुरुवात असते. त्यानंतर महिनोन्महिने काउन्सेलिंग, घरच्यांशी बोलणं, झोप, काम, लघवीची तपासणी, आणि घसरला की ओरडायला नाही तर लगेच परत उभं करायला कुणीतरी लागतं. आणि सगळ्यांना एकच औषध नसतं. ब्राऊन शुगरवाल्याला ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देऊन त्याची तडफड थांबवता येते, तो कामाला जाऊ शकतो. एमडीला असं बदली औषध नाही, तिथं सगळं काउन्सेलिंगवर आणि झोप, डिप्रेशन, भास होणं यांच्या औषधांवर आहे. नायट्रावाल्याला डोस उतरवत आणावा लागतो. सोल्युशन हुंगणारी स्टँडवरची बारकी पोरं वेगळी, त्यांना तर आधी जेवण आणि झोपायला जागा लागेल. आणि जिमवाल्या पोरांत ते मेफेंटरमाईनचं इंजेक्शन आलंय, जे खरं तर ऑपरेशनच्या वेळी बीपी पडलं तर देतात, ते घेऊन पोरं वजनं उचलतात. तालमींच्या गावात हे चाललंय. शड्डू ठोकणारी पोरं सुई टोचून घेतात, वस्तादांना विचारा त्यांना काय वाटतंय.

माल येतोय कुठनं म्हणाल तर तो लांबनं येत नाही. २०२१ ला मुंबईच्या पोलिसांनी येऊन आपल्याच चंदगड तालुक्यात ढोलगरवाडीत एमडीचा कारखाना पकडला. २०२४ ला पुण्याच्या पोलिसांनी कुपवाडमधनं माल काढला, म्हणजे आपल्यापासनं तास-दीड तासावर. तो धंदा करणाऱ्यांना धरा, कडक शिक्षा लावा, माझं त्याला शंभर टक्के समर्थन आहे, उलट खिशातल्या पुडीवाल्यांच्या मागं पोलिसांचा आणि कोर्टाचा जो वेळ जातो तो तिकडं लागला तर बरंच होईल. पण विकणारा आणि ओढणारा एकाच बराकीत टाकला की ओढणारा विकणारा होतो, हे माझ्या घरात होता होता वाचलंय.

रात्री मोबाईलवर वाचत बसायची सवय लागली मला. अमेरिकेत कॅलिफोर्नियात २००० साली लोकांनी मतदान करून ठरवलं, प्रपोझिशन ३६ म्हणतात, की ज्याचा गुन्हा फक्त बाळगण्याचा, सेवनाचा आहे, मारहाण वगैरे काही नाही, त्याला पहिल्या दोन वेळेला जेलऐवजी उपचार. आणि नुसतं ठरवलं नाही, वर्षाला १२ कोटी डॉलर बाजूला काढून ते तिथल्या काउंटींना, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या स्थानिक कारभाराला दिले, की तुम्ही केंद्रं चालवा. त्याच्या शेजारच्या ओरेगॉननं २०२० ला उलटं केलं. बाळगण्याची शिक्षा आधी काढली आणि उपचाराचा पैसा केंद्रांपर्यंत पोचायला उशीर झाला, रस्त्यावर उघड नशा दिसायला लागली, लोक चिडले आणि २०२४ ला परत तो गुन्हा केला. मला यातनं एवढंच समजतंय की आधी बेड, मग बाकी सगळं. पोलिसांनी आणि कोर्टानं पोराला पाठवायचं म्हटलं तर पाठवायला जागा पाहिजे. आणि एवढ्या लांब नको असेल तर पंजाबात बघा, २०१७ पासनं तिथं सरकारनं ओपीडीत औषध द्यायला सुरुवात केली, पोरगं येतं, गोळी घेतं, शेतावर जातं. आपल्या पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासनं उभं आहे. आपल्याला येत नाही असं काही नाही यात.

एम्सनं केंद्राच्या सामाजिक न्याय खात्यासाठी सर्व्हे केलेला, २०१९ ला त्याचा रिपोर्ट आला. त्यात आहे की बेकायदा ड्रग्जच्या आहारी गेलेल्या वीस जणांतल्या एकालाच कधीतरी ॲडमिट होऊन उपचार मिळालेत. दर वीसातल्या एकोणीस जणांच्या घरी कुणीतरी बहीण असेल, आई असेल, पाटल्या असतील नसतील.

साहेब, तुमच्याकडं सावित्रीबाई फुले हॉस्पिटल आहे, पंचगंगा हॉस्पिटल आहे, आयसोलेशन आहे, वॉर्डातले दवाखाने आहेत. कोविडमध्ये याच शहरानं बघता बघता बेड उभे केले, तालमी, मंडळं, सगळे धावले. मी म्हणत नाही नवीन बिल्डिंग बांधा. यातल्या एखाद्या ठिकाणी पंधरा-वीस बेडचा एक वॉर्ड काढा, चार बेड बायकांसाठी वेगळे ठेवा कारण बायकाही अडकल्यात आणि त्या तर कुठंच जाऊ शकत नाहीत. मानसोपचारतज्ज्ञ पूर्ण वेळ मिळाला नाही तर सीपीआरशी, म्हणजे सरकारी दवाखान्याशी, बोलून ठरलेल्या वारी आणा, पण काउन्सेलर दोन तरी पगारी आणि कायम ठेवा, सहा-सहा महिन्यांच्या ऑर्डरवर नको, कारण पोरगं एका माणसाशी बोलायला लागतं आणि तेवढ्यात तो माणूस बदलला की सगळं मुसळ केरात. महासभेत ठराव करून त्या वॉर्डला ६४ अ खाली महापालिकेची संस्था म्हणून कागदावर आणा, म्हणजे कोर्टात अर्ज करताना वकिलाला पत्र जोडता येईल.

आणि एक माणूस कोर्टात आणि पोलीस ठाण्यात जाणारा ठेवा. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, बाकीचं कमी-जास्त झालं तरी चालेल. ज्याचं काम एवढंच की अल्प मात्रेच्या केसमध्ये पोरगं आणलं की त्याच्याजवळ बसायचं, काय खातोस, कधीपासनं, गोळ्या किती, हे विचारायचं, त्याच्या घरच्यांना ६४ अ समजावून सांगायचं आणि अर्ज भरायला मदत करायची. आमच्या वेळेला असा एक माणूस असता तर फिट आली नसती. १४४४६ ही केंद्राची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, फुकट आहे, ती निदान प्रत्येक पोलीस ठाण्याच्या भिंतीवर मराठीत मोठ्या अक्षरात लावा, त्याला किती खर्च येतोय. नियोजन समितीला माझी विनंती आहे की इचलकरंजी, गडहिंग्लज, जयसिंगपूरची पोरंही इथंच येणार, तेव्हा सगळा बोजा एकट्या महापालिकेवर टाकू नका, जिल्ह्याच्या निधीतनं वाटा द्या.

मला माहीत आहे तुमच्याकडं खड्ड्यांचे मोर्चे येतात, पाण्याचे येतात. या विषयाचा मोर्चा येणार नाही, कारण यात कुणाला आपलं तोंड दाखवायचं नसतं. मीही नाव लिहीत नाहीये, भावाच्या लग्नाचं बघायचंय अजून. पण मोर्चा येत नाही म्हणून गरज नाही असं समजू नका. हायकोर्टाच्या सर्किट बेंचसाठी हे गाव चाळीस वर्षं भांडलं, माझे वडील साखळी उपोषणाला बसायला जायचे, २०२५ च्या ऑगस्टला ते बेंच सीपीआरच्या समोरच जुन्या कोर्टात सुरू झालं. तिकडनं जाताना मी दर वेळी बघते, रस्त्याच्या एका बाजूला कोर्ट, दुसऱ्या बाजूला दवाखाना.

आणि हे शाहू महाराजांचं गाव आहे, ते नुसतं भाषणाच्या सुरुवातीला म्हणून नाही. ज्या जमातींवर जन्मापासनं चोर म्हणून शिक्का होता, ज्यांना रोज चावडीवर जाऊन हजेरी द्यावी लागायची, त्यांची हजेरी महाराजांनी १९१८ ला बंद केली. फासेपारध्यांना बेड्या घालून काही होत नाही म्हटल्यावर त्यांना काम दिलं, राहायला जागा दिली, पहाऱ्यावर सुद्धा ठेवलं, आणि त्या काळात लोकांनी महाराजांना काय काय बोलून घेतलं असेल. त्यांनी ते तिजोरीतनं पैसे काढून केलं.

भाऊ आता उद्यमनगरात एका छोट्या वर्कशॉपला जातो, लेथवर, दिवसपाळी. गेले सात महिने त्यानं नशेचं काही घेतलेलं नाही. सरकारी ओपीडीतल्या एका डॉक्टर मॅडमनी त्याच्या गोळ्या पाव-पाव करत उतरवत आणल्यात, आई त्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवते आणि रोज रात्री जेवण झाल्यावर एक तुकडा त्याच्या हातावर ठेवते, तो गिळेपर्यंत समोर उभी राहते. दर गुरुवारी त्याला अर्धा खाडा करून जावं लागतं, गर्दी असते, नंबर दुपारी लागतो, मालक अजून तरी सांभाळून घेतोय. केस चालूच आहे. पुढची तारीख आली की तो आदल्या रात्री झोपत नाही, आणि झोप नाही म्हटलं की आमच्या घरात सगळ्यांच्या पोटात गोळा येतो.

माझ्याकडं एक फाईल आहे. त्यात ६४ अ आणि ३९ ची झेरॉक्स, त्या खासगी केंद्राच्या पावत्या, सरकारी ओपीडीचे केसपेपर आणि वर काय काय लागेल याचा मी काढलेला अंदाजे खर्च आहे, हिशेब माझं कामच आहे त्यामुळं आकडे नीट मांडलेत. बजेटची सभा ज्या दिवशी असेल त्या दिवशी मी अर्धी रजा टाकून गॅलरीत येणार आहे. कुणालाही फाईल बघायची असेल तर मधल्या सुट्टीत हाक मारा, मी निळ्या पिशवीसकट दाराशेजारी बसलेली असेन.

आपली,
जवाहरनगरातली एक बहीण